ताडोब्याचा मे, सेरेंगेटीचा जून

आम्ही नागपूरला राहतो. घरात आम्ही दोघं, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा आणि सासरे, वय ६८. सासऱ्यांमुळे आम्हा सगळ्यांनाच जंगलाचं वेड लागलं. दर उन्हाळ्यात ताडोब्याची एक तरी फेरी होतेच. बरीच वर्षं पैसे बाजूला टाकून आता पूर्व आफ्रिकेची सफारी करायचं ठरतंय. एका प्रवास कंपनीने मे महिन्याचा सात दिवसांचा कार्यक्रम दिला आहे: नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, मसाई मारा, सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो. नाव 'ग्रेट मायग्रेशन स्पेशल' आणि दर जुलैपेक्षा बराच कमी. मुलांना सुट्टी असते, जंगलही उन्हाळ्यातच चांगलं दिसतं, म्हणून मे सोयीचा वाटतो. पण ओळखीचे एक जण म्हणाले, तेव्हा तिकडे पावसाळा असतो. खरं काय? टीव्हीवर दाखवतात तसं प्राण्यांचं नदी ओलांडणं आम्हाला दिसेल का? सासऱ्यांना कंबरेचा त्रास आहे, बाकी तब्येत ठणठणीत. पुन्हा एवढा खर्च जमणार नाही. एकदाच जायचं तर कधी जावं?
एक वाचक, नागपूर

प्रिय ताई,

तुमचे ओळखीचे खरं सांगतायत. मे महिन्यात जाऊ नका, आणि आगाऊ रक्कम भरली नसेल तर भरूही नका. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. तुम्ही नागपूरच्या आहात ही इथे मोठी जमेची बाजू आहे. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या आठवडा-दोन आठवडे उशिरा सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना जे दिवस मिळत नाहीत ते तुमच्या हातात आहेत. मुलांची शाळा केंद्रीय मंडळाची असेल तर तेवढं वेळापत्रक आधी बघून घ्या.

ताडोब्याला तुम्ही मे महिन्यात जाता ते अगदी योग्य. पानगळ झालेली असते, गवत वाळून बसलेलं असतं, नाले आटलेले असतात. वाघाला पाणवठ्यावर यावंच लागतं, आणि ४५ अंशांत भाजून निघायची तयारी असेल त्याला तो दिसतो. जनावर बघायचं तर कोरड्या दिवसांत, हा सासऱ्यांचा नियम आफ्रिकेतही जसाच्या तसा लागू आहे. फक्त तिथले कोरडे दिवस मे महिन्यात येत नाहीत. केनियातून विषुववृत्त जातं आणि टांझानिया त्याच्या लगेच खाली. सूर्य वर्षातून दोनदा तिथे डोक्यावर येतो आणि त्याच्यामागून पावसाचा पट्टाही दोनदा सरकत जातो, म्हणून तिथे पावसाळे दोन. मार्च ते मे हा मोठा, त्याला तिथले लोक 'मासिका' म्हणतात. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा धाकटा, 'वुली'. तुमच्या गाडीचा चालकही बोलताना हेच शब्द वापरेल.

जून लागला की वारं बदलतं. दक्षिण गोलार्धातून आलेले वारे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने वर सरकतात, सोमालियापाशी वळतात, अरबी समुद्रावरचं बाष्प उचलतात आणि आपल्या सह्याद्रीवर येऊन थडकतात. तोच आपला मोसमी पाऊस. कोकणात मृगाच्या सरी कोसळू लागतात त्याच सुमाराला सेरेंगेटीचं गवत पिवळं पडायला लागतं. जून ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा काळ, आणि कोरडा असूनही थंड. ताडोब्याचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, नेमका तेव्हा तिथे हंगाम ऐन भरात असतो.

आता मे महिन्यात नेमकं काय होतं ते सांगते, कारण स्वस्त दराचा मोह मला समजतो. प्राणी कुठे नाहीसे होत नाहीत. पाऊसही आपल्या झडीसारखा दिवसदिवस लागून राहत नाही. बहुतेकदा दुपारनंतर किंवा रात्री जोराची सर येऊन जाते आणि सकाळ लख्ख उजाडते. अडचण जमिनीची आहे. मारा आणि सेरेंगेटीच्या मोठ्या भागात तुमच्याकडे असते तशीच काळी, उन्हात भेगाळणारी आणि भिजली की चिकट होणारी जमीन आहे. ओल्या काळ्या रानात बैलगाडीचं काय होतं ते सासऱ्यांनी पाहिलं असेल. तिथे फोर बाय फोर गाडीचंही तेच होतं. गाडी रुतली की दुसरी येऊन ओढून काढेपर्यंत बसून राहायचं, आणि ते हिसके दुखऱ्या कंबरेने सोसायचे. गवत इतकं वाढलेलं असतं की दहा पावलांवर पहुडलेला सिंह दिसत नाही. पाणी जागोजाग साचलेलं, त्यामुळे ठरावीक पाणवठ्यावर यायची कुणाला गरज नसते. बरेच तंबू-मुक्काम एप्रिल-मे मध्ये सरळ बंद ठेवतात. २०२४ च्या मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी मारातली तालेक नदी फुगली, काठावरचे डझनभराहून जास्त मुक्काम पाण्यात गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. दर मे महिना असा जात नाही. पण आयुष्यात एकदाच जाणाऱ्या कुटुंबाने तो धोका कशाला पत्करायचा? हिरवं रान, ढगांनी भरलेलं आभाळ आणि एका सिंहाभोवती एकच गाडी, हे ज्यांना हवं असतं आणि जे आधी एकदा जाऊन आलेले असतात, त्यांच्यासाठी मे छान आहे. तुमच्यासाठी नाही.

त्या कार्यक्रमाच्या नावाचा मात्र मला मनापासून राग आला. मे महिन्यात 'मायग्रेशन' म्हणून मारात नेणं ही लोकांची दिशाभूल आहे, कारण स्थलांतराचे ते मोठे कळप तेव्हा मारात नसतातच. सेरेंगेटी आणि मारा हे मुळात एकच गवताळ रान, मधून दोन देशांची सीमा गेलेली: मारा केनियात, सेरेंगेटी टांझानियात. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर. मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१०. बफर धरून ताडोबा-अंधारी प्रकल्प १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे मारा त्याहून लहानच. या सगळ्या रानातून लाखो विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी, दाढीवाली मोठी हरणं), त्यांच्या जोडीने झेब्रे आणि गॅझेल हरणं वर्षभर फिरत राहतात. डिसेंबर ते मार्च ती दक्षिणेच्या खुरट्या गवताच्या मैदानांवर, एंडुटूच्या आसपास असतात. मासिका ओसरू लागला की तिथलं पाणी आटतं, मग एप्रिल-मे मध्ये कळप सेरोनेराच्या बाजूने मध्य आणि पश्चिम सेरेंगेटीकडे सरकतात. जूनमध्ये पश्चिमेला ग्रुमेटी नदीच्या पट्ट्यात आणि तिथून वर. जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या आजूबाजूला, आणि वुलीच्या पहिल्या सरी पडल्या की नोव्हेंबरात पुन्हा दक्षिणेची वाट. वर्षातले बहुतेक महिने ही जनावरं टांझानियातच असतात. केनियात येतात ती दोन-तीन महिने. बरं, हेही अंदाजाने धरायचं. कळपांना महिना कळत नाही, पाऊस कुठे पडला आणि कोवळं गवत कुठे उगवलं ते कळतं. पाऊस लांबला की तेही पंधरा-पंधरा दिवस मागे-पुढे होतात, आणि हल्ली तो लांबण्याचं प्रमाण वाढलंय.

म्हणून ताई, आधी ठिकाण ठरवून मग सुट्टी शोधू नका. आपल्याला खरोखर कोणत्या तारखा मिळू शकतात ते आधी घरात बसून ठरवा, आणि मग त्या आठवड्यात गवत-पाणी कुठे असतं ते बघून ठिकाण निवडा. पर्यटनाची जाहिरात नेमकं उलटं शिकवते.

नदी ओलांडण्याबद्दल. जूनमध्ये मारा नदीवरचं ते दृश्य तुम्हाला दिसणार नाही, हे स्पष्ट सांगते. ते हवं असेल तर जुलैअखेर ते सप्टेंबर हाच काळ, आणि तेव्हा मुलांची शाळा सुरू असते. पण ऑगस्टमध्ये जाऊनही ते दिसेलच असं नाही. हजारो जनावरं काठावर येतात, धूळ उडते, पुढची दोन-चार पाण्यापर्यंत उतरतात, कशाने तरी बुजतात आणि सगळा कळप माघारी फिरतो. तासन् तास गाडीत बसून लोक संध्याकाळी हात हलवत परततात. पडद्यावर चार मिनिटांत दिसणाऱ्या त्या दृश्यासाठी चित्रण करणारे आठवडेच्या आठवडे काठावर मुक्काम ठोकून असतात. शिवाय गर्दी. २०२५ च्या जुलैत सेरेंगेटीच्या उत्तरेला पर्यटक गाड्यांतून उतरून कळपाची वाट अडवून उभे असल्याचे व्हिडिओ जगभर फिरले. ते बघून मला अतिशय वाईट वाटलं. आणखी एक विचार मुलासाठी: मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट बुडून मरतात. त्यांच्यावर मगरी, गिधाडं, मासे, सगळी नदी जगते, हे खरं आणि मोलाचं आहे. तरी नऊ वर्षांच्या पोराला ते तासभर बघायला लावायचं का, हे तुम्हीच ठरवायचं.

जूनमध्ये मी असं जाईन. मुंबईहून थेट विमानाने नैरोबी, सुमारे सहा तास. तिथून छोट्या उड्डाणाने टांझानियातलं किलिमांजारो विमानतळ आणि अरुशा शहर. मग फक्त तीन ठिकाणं: तरांगिरेला दोन रात्री, न्गोरोंगोरोच्या कडेवर एक किंवा दोन, आणि सेरेंगेटीत तीन, त्याहून कमी अजिबात नको. तुम्हाला दिलेल्या कार्यक्रमात सात दिवसांत दोन देश आणि सहा नावं आहेत. ते सात दिवस तुम्ही प्राणी कमी आणि रस्ते जास्त बघाल. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना लागून दिसतात, पण मधल्या सीमेवरून पर्यटकांना थेट जाता येत नाही. वळसा घालून अधिकृत नाक्यावरून जायचं, तिथे गाडी बदलायची, यात सबंध दिवस जातो. दोन्ही देशांचे प्रवेश परवानेही वेगळे काढावे लागतात.

तरांगिरेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण जाहिरातीत त्याला कुणी फारसं विचारत नाही आणि तुमच्या सासऱ्यांना तेच सगळ्यांत आवडेल असा माझा अंदाज आहे. तिथे तुमचा ताडोब्याचा नियम डोळ्यांसमोर चालताना दिसतो. आजूबाजूचा मुलूख सुकत जातो, पाणी उरतं ते तरांगिरे नदीत, आणि हत्तींचे कळप चहूकडून त्या एका नदीकडे यायला लागतात. ऐन गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरात होते, पण जूनच्या मध्यापासून ओघ सुरू झालेला असतो. आजी, तिच्या लेकी, नाती, पोटाखालून चालणारं पिल्लू असं सबंध कुटुंब नदीच्या वाळूत खड्डे करून पाणी काढताना दिसू शकतं. आणि तिथली गोरखचिंचेची झाडं! आपल्याकडे मुंबई-वसईत किंवा एखाद्या जुन्या दर्ग्यापाशी एखाददुसरी दिसते, तिथे टेकड्याच्या टेकड्या भरून उभ्या आहेत. बुंध्यांवर हत्तींनी साल सोलून ओलावा चघळल्याच्या खुणा असतात. मुलांना त्या शोधायला सांगा. वाघाच्या मागे धावायची सवय लागलेल्या आपल्या लोकांना एका जागी थांबून हत्ती बघायला तरांगिरे शिकवतं. चालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, 'आम्हाला घाई नाही.' सिंह दिसला की दहा मिनिटांत पुढे पळवणारे चालक बहुतेकदा प्रवाशांच्याच घाईमुळे तसे झालेले असतात.

न्गोरोंगोरो हे बाराही महिने चालणारं ठिकाण. जुन्या ज्वालामुखीचं खचलेलं तोंड, सुमारे ६०० मीटर खोल आणि तळाशी साधारण २६० चौरस किलोमीटरचं मैदान. तिथले बहुतेक प्राणी तिथेच राहतात, म्हणून हंगामाचा फरक कमी पडतो. काळा गेंडा बघायची तुमची सर्वांत चांगली संधी इथेच. एक सकाळ पुरे, पण दार उघडताच खाली उतरणाऱ्या पहिल्या गाड्यांत तुमची असू द्या. जिराफ तिथे दिसणार नाही. तो आत राहत नाही. डबा उघड्यावर खायचा नाही, घारी हातातला घास पळवतात.

सेरेंगेटीत मध्यावर सेरोनेराला मुक्काम करा. नदीकाठच्या झाडांवर बिबट्या आणि खडकांच्या ढिगांवर सिंह, हे तिथे वर्षभर असतात, त्यामुळे कळप कुठेही असले तरी तुमचे दिवस वाया जात नाहीत. कळप पश्चिमेला असतील तर एक सबंध दिवस तिकडे जायचं. पश्चिम पट्ट्यात आणि तरांगिरेत त्सेत्से माश्या चावतात. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्या ओढल्या जातात, म्हणून जीन्स घरीच ठेवा.

समजा केनियाच करायचं ठरलं, तर जूनमध्ये अंबोसेली आणि मारा एवढंच करा. अंबोसेलीच्या दलदलींना किलिमांजारोकडून जमिनीखालून पाणी येतं, म्हणून तिथे हत्ती हटकून दिसतात. ५,८९५ मीटरचं ते शिखर बहुधा भल्या पहाटे उघडं असतं, नऊ वाजले की ढगात. मारातले सिंह तिथेच राहणारे आहेत, स्थलांतर असो-नसो. आणि एक पैशांची गोष्ट: माराचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, १ जुलैपासून वर्षअखेरपर्यंत २००. तुम्ही तिघं प्रौढ. ३० जूनच्या आत आणि नंतर यात किती फरक पडतो ते तुम्हीच गुणून बघा.

आता एक गोष्ट मनात आली ती बोलतेच. शाळेचा एक आठवडा बुडवायची तुमची तयारी असेल तर मी जूनही सोडून फेब्रुवारी सांगेन. जानेवारी-फेब्रुवारी हा दोन पावसाळ्यांमधला उघाडीचा काळ. तेव्हा कळप दक्षिणेला एंडुटूच्या मैदानांवर असतात आणि तिथे विल्डबीस्टच्या माद्या विणीला येतात. ज्वालामुखीच्या राखेवर उगवलेलं ते गवत खनिजांनी भरलेलं, दूध देणाऱ्या मादीला नेमकं हवं तसं. लाखो पिल्लं साधारण दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. एकदम इतकी की सिंह-तरसांनी कितीही खाल्ली तरी बहुतेक वाचतात. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत उभं राहतं आणि आईमागे धावायला लागतं. गवत खुरटं, त्यामुळे चित्ता दुरूनही दिसतो. एंडुटूचा बराच भाग न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतो आणि तिथे रस्ता सोडून गाडी नेता येते; सेरेंगेटीत येत नाही. शिकार तिथेही डोळ्यांदेखत होते, पण तिच्या शेजारीच जन्मही होत असतो, आणि मुलांना दोन्ही एकाच सकाळी दिसतं. मुलगी आठवीत-नववीत असेल. दहावीच्या वर्षात हे जमणार नाही, म्हणून करायचं तर आताच. शिक्षकांशी बोलून बघा. अनेकदा आपण विचारायच्या आधीच नकार गृहीत धरतो.

दिवाळीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. दिवाळी कुठे पडते यावर सगळं आहे. २०२६ साली अधिक मासामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे सुट्टी वुलीत सापडते. कळप परतीच्या वाटेवर पांगलेले असतात आणि कुठे गाठावेत ते सांगता येत नाही. २०२७ ला ते २९ ऑक्टोबरला आहे. तेव्हा सुट्टीचे आधीचे दिवस मिळाले तर कोरड्या हंगामाचं शेपूट हाती लागतं आणि तरांगिरे भरलेलं असतं. पक्षी बघणाऱ्यांना मात्र नोव्हेंबर चांगला. युरोप-आशियातले पाहुणे पक्षी तेव्हा येऊन पोचतात. आपल्या नागालँडवरून, महाराष्ट्रावरून जाणारे अमूर ससाणे अरबी समुद्र ओलांडून त्याच सुमाराला पूर्व आफ्रिकेच्या आकाशात शिरतात, तेही थवेच्या थवे. तुमच्या घरात कुणी पक्षीवेडं असेल तर हे लक्षात ठेवा.

सासऱ्यांच्या कंबरेसाठी सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे स्वतंत्र गाडी. पाच माणसं आहात, एक लँड क्रूझर तुमचीच घ्या, दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून नको. तिथे ताडोब्यासारख्या सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक फेऱ्या नसतात, गाडी दिवसभर तुमचीच. छत वर उचलून उभं राहून बघायचं. गाडी आपली असली की दुपारी बारालाच परत फिरता येतं, कुणाची परवानगी लागत नाही. सासऱ्यांना चालकाशेजारी किंवा मधल्या रांगेत बसवा. मागच्या चाकावरच्या जागेत सगळे धक्के थेट मणक्यात येतात. न्गोरोंगोरोहून सेरेंगेटीचा कच्चा रस्ता एकदाच करा. परतताना सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने अरुशाला या. खर्च वाढतो, पण इथे हात आखडू नका. त्या विमानात माणशी साधारण १५ किलोच सामान चालतं आणि बॅग मऊ लागते, चाकांची कडक पेटी नाही. उष्ण हवेच्या फुग्यातली सैर मात्र त्यांनी टाळावी. उतरताना टोपली जमिनीवर आदळत, कधी आडवी होत थांबते.

थंडीला हलक्यात घेऊ नका. नागपूरचा जून अंगात मुरलेला असतो आणि आफ्रिका म्हटलं की माणूस सुती कपडेच भरतो. न्गोरोंगोरोची कड सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षा बरीच वर. जूनमधल्या रात्री तिथे पारा दहाच्या खाली जातो, आणि पहाटे छत उघडलेल्या गाडीत वारा झोंबतो. स्वेटर, कानटोपी, वाऱ्याला अडवणारं जाकीट, सगळ्यांचं न्या.

लशीचं काम आजच डायरीत लिहा. केनियातून परत येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवतात. नैरोबीमार्गे टांझानियाला जायचं तरी तो सगळ्यांकडे असू द्या. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, कुठल्याही दवाखान्यात नाही. तारीख मिळायला वेळ लागतो आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी ती घेतलेली असावी लागते. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेताना धोका थोडा वाढतो, म्हणून सासऱ्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच, मुलांचा डोस वजनावर ठरतो. कोरड्या काळात डास कमी असले तरी गोळ्या चुकवू नका.

जेवणाची काळजी नको. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून द्या. तिथल्या मुक्कामांना भारतीय पाहुण्यांची सवय आहे आणि चपाती तर तिथल्या लोकांच्या रोजच्या जेवणातली. घरचा चिवडा-लाडू न्यायचा तर डब्यातून न्या. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती ते खरंच पाळतात.

आता त्या कंपनीला किंवा दुसऱ्या कुणाला फोन कराल तेव्हा 'मायग्रेशन दिसेल का' असं विचारू नका, हो म्हणणं सोपं असतं. विचारा की जूनच्या या आठवड्यात मुक्काम नेमका कुठल्या भागात आहे, आणि गेल्या दोन वर्षांत त्या आठवड्यात कळप कुठे होते. गाडी आमची एकट्यांची का, प्रत्येकाला खिडकी मिळते का, प्रवेशशुल्क दरात धरलंय का, किलोमीटरची मर्यादा आहे का, आणि पावसाने धावपट्टी बंद पडली तर काय करणार. यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी कंपनी बघा. जूनसाठी चांगले मध्यम दराचे मुक्काम संक्रांतीपर्यंत ठरवून ठेवलेले बरे. जुलैच्या गर्दीच्या अलीकडचे हे आठवडे हल्ली लवकर भरतात. शाळेचं वेळापत्रक मिळालं आणि फेब्रुवारीबद्दल शिक्षक काय म्हणाले ते कळलं की मला तारखा लिहून पाठवा, त्या आठवड्यासाठी सेरेंगेटीत मुक्काम कुठल्या बाजूला घ्यावा ते सांगेन.